कर्णधार किती दिवसांसाठी?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने आपल्याला कोलकात्यात ३० धावांनी आणि गुवाहाटीत ४०८ धावांनी हरवले, तेव्हापासून कसोटी संघाचा कर्णधार कोण असावा या चर्चेला पुन्हा ऊत आला आहे. शुभमन गिलला ठेवावे की काढावे, ऋषभ पंतला द्यावे की के. एल. राहुलला, बुमराला बाजूला ठेवले ते बरोबर की चूक, यांवर प्रत्येकाचे मत तयार असते. आमच्या दांडिया बाजारातल्या चहाच्या टपरीवर तर निवड समितीची बैठक रोजच भरते. या सगळ्या चर्चेत ‘कोण’ हा एकच प्रश्न विचारला जातो. ज्याला नेमायचे त्याला किती काळासाठी नेमायचे, हे मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते कसोटी कर्णधारांच्या बाबतीत आपल्याकडे आजवर झालेल्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक या न विचारलेल्या प्रश्नातून झाल्या आहेत. म्हणून हे पत्र. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

बडोद्याच्या माणसाला हा विषय दुसऱ्या कोणी शिकवावा लागत नाही. भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारे कर्णधार विजय हजारे जन्माने सांगलीचे, पण रणजी स्पर्धेत ते बडोद्याकडून खेळले, येथेच राहिले आणि १८ डिसेंबर २००४ रोजी येथेच वारले. मार्च १९४७ मध्ये कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघाविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली, ती हकीकत आमच्या लहानपणी घरोघरी अशा थाटात सांगितली जाई, की सांगणारा प्रत्येक जण त्या दिवशी मैदानावर हजर होता असे वाटावे. हजाऱ्यांच्या कर्णधारपदाबद्दल मात्र घरातली वडीलधारी मंडळी फारशी बोलत नसत. का बोलत नसत, ते पुढे आकडे वाचल्यावर लक्षात आले.

१९५१-५२ च्या मोसमात इंग्लंडविरुद्ध नेतृत्व हजाऱ्यांकडे आले. कर्णधार म्हणून पहिल्या दोन कसोटींत त्यांनी दिल्लीला नाबाद १६४ आणि मुंबईला १५५ धावा काढल्या. पाचवी कसोटी मद्रासला झाली. तीत विनू मंकड यांनी १०८ धावांत १२ बळी घेतले आणि भारताने तो सामना एक डाव आणि ८ धावांनी जिंकला. कसोटी क्रिकेट खेळायला लागून जवळजवळ वीस वर्षे झाल्यावर आलेला हा पहिला विजय होता. त्यानंतर चारच महिन्यांनी, जून १९५२ मध्ये, हेच हजारे लीड्सच्या मैदानात उतरले तेव्हा धावफलकावर चार बाद शून्य असे दिसत होते. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर असे चौघे भोपळाही न फोडता परतले होते. त्यांतले दत्ताजीरावही आमच्या बडोद्याचेच, आणि तो त्यांचा पहिलाच कसोटी सामना होता. हजाऱ्यांनी त्या पडझडीत ५६ धावा काढल्या, पहिल्या डावात ८९ काढल्या होत्या, आणि तरी सामना गेला. ज्या मंकडांनी मद्रासला विजय मिळवून दिला ते लीड्सला संघातच नव्हते. इंग्लंडमधल्या लीग क्रिकेटच्या करारात ते अडकले होते आणि लॉर्ड्सच्या कसोटीपासून संघात आले. हाताशी असलेला सर्वांत मोठा मोहरा पटावर नसताना डाव खेळायचा आणि हरल्यावर दोष मात्र आपण घ्यायचा, ही कर्णधाराच्या नशिबाची जुनी गोष्ट आहे.

यापुढचा भाग अधिक चमत्कारिक आहे. इंग्लंडमध्ये ०-३ अशी हार पत्करून संघ परतला आणि त्याच वर्षीच्या अखेरीस पाकिस्तान प्रथमच भारतात खेळायला आला, तेव्हा हजाऱ्यांना दूर करून लाला अमरनाथ यांना कर्णधार करण्यात आले. अमरनाथांनी ती मालिका २-१ अशी जिंकली. भारताने जिंकलेली ती पहिली कसोटी मालिका. त्या मालिकेत हजारे साधे खेळाडू म्हणून खेळले आणि मुंबईच्या कसोटीत त्यांनी नाबाद १४६ धावा केल्या. मग काही आठवड्यांतच संघ वेस्ट इंडिजला निघाला, तेव्हा कर्णधार कोण? पुन्हा हजारे. आणि मालिका जिंकून देणारे अमरनाथ? ते त्यानंतर कर्णधार झाले नाहीतच, कसोटी सामनाही पुन्हा खेळले नाहीत. हरलेल्याला काढले हे एक वेळ समजू शकते; पण जिंकलेल्यालाही काढले आणि आधी काढलेल्याला परत आणले, याचा अर्थ लावताना आजही डोके खाजवावे लागते. हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली एकूण १४ कसोटी झाल्या, त्यांत एक विजय, पाच पराभव आणि आठ अनिर्णित. ते फार सावध होते, डाव घोषित करायला कचरत, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती पूर्णपणे खोटी नव्हती. कर्णधारपदाने हजाऱ्यांमधल्या थोर फलंदाजाचे नुकसान केले, असे विजय मर्चंट यांचे मत होते. मर्चंटांपुढे मी कोण, तरीही मला ते अर्धेच पटते. दिल्ली आणि मुंबईची शतके कर्णधारानेच काढली होती. त्यांचे नुकसान झाले असेल तर ते पदाच्या ओझ्यापेक्षा पदाच्या भरवशाअभावी झाले असावे. पुढच्या मालिकेत आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो हरण्याचा धोका पत्करून जिंकायला जाणार कशाला? तो सामना वाचवतो, कारण सामना वाचला तर आपणही वाचू, एवढेच त्याला दिसत असते.

हजाऱ्यांच्या समोर लीड्सला नाणेफेकीला कोण उभा होता, हेही आठवण्यासारखे आहे. लेन हटन. इंग्लंडने विसाव्या शतकात कसोटीसाठी नेमलेला तो पहिला व्यावसायिक कर्णधार, आणि तो त्याचा नेतृत्वाचा पहिला सामना. हटन आपल्या यॉर्कशायर परगण्याचाही नियमित कर्णधार कधी झाला नव्हता. हौशी ‘जेंटलमन’ नसलेल्याला ते पद द्यायचे नाही, अशी तिथली रीत होती. पण एकदा इंग्लंडने त्याला नेमल्यावर त्याच्यावर विश्वास टाकला. १९५३ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाला हरवून अ‍ॅशेस परत मिळवल्या, १९५४-५५ मध्ये ऑस्ट्रेलियात जाऊन त्या राखल्या, आणि २३ कसोटींत फक्त चार गमावल्या. एकाच मैदानावर एकाच दिवशी उभे असलेले हे दोन कर्णधार, दोघेही आपापल्या देशाचे भरवशाचे फलंदाज. पुढच्या तीन वर्षांत त्यांचे जे झाले त्यात संघांच्या ताकदीचा वाटा होताच, पण नेमणाऱ्यांच्या मनाचा वाटाही कमी नव्हता.

हजाऱ्यांनंतर तर कहर झाला. नोव्हेंबर १९५८ ते ऑगस्ट १९५९ या काळात भारताने दहा कसोटी सामने खेळले, पाच वेस्ट इंडिजविरुद्ध मायदेशात आणि पाच इंग्लंडमध्ये. या दहा सामन्यांत सहा कर्णधार झाले: पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड, हेमू अधिकारी, दत्ताजीराव गायकवाड आणि पंकज रॉय. मद्रासच्या कसोटीच्या तोंडावर कोणाला खेळवायचे यावरून वाद होऊन उम्रीगरांनी कर्णधारपद सोडले, हे तर जगजाहीर आहे. दहांपैकी आठ सामने आपण हरलो. वर्षअखेरीस ऑस्ट्रेलियाविरुद्ध जी. एस. रामचंद यांना नेमले, तेव्हा सव्वा वर्षाच्या आत सातवा कर्णधार झाला. त्या सहांमधले अधिकारी पूर्वी बडोद्याकडून खेळलेले, आणि दत्ताजीराव तर हाडाचे बडोदेकर. त्यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने १९५७-५८ ची रणजी स्पर्धा जिंकली होती, म्हणजे कर्णधारपदाचा अनुभव त्यांना नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. पण त्यांना मिळाली ती एक मालिका, तीही इंग्लंडमध्ये, तीही महिन्यागणिक कर्णधार बदललेल्या खचलेल्या संघाची. लॉर्ड्सला ते आजारी पडले म्हणून तो सामना रॉय यांच्याकडे गेला. बाकीचे चार त्यांच्या नावावर, चारही पराभव. पुन्हा ते पद त्यांना मिळाले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले तेव्हा ते भारताचे सर्वांत वयोवृद्ध कसोटीपटू होते, आणि त्यांच्याविषयी जे जे छापून आले त्यात ‘०-५’ हा आकडा हटकून होता. साठहून अधिक वर्षे एका माणसाने तो आकडा वाहावा, हे मला न्यायाचे वाटत नाही.

इथे थोडे घरगुती लिहितो. पोलो ग्राउंडवर आम्ही पोरेटोरे क्रिकेट खेळत असू, तेव्हा आमच्या संघाचा कप्तान सलग दोन हंगाम मी होतो. माझ्या खेळाशी त्याचा काही संबंध नव्हता. बॅटी, पॅड आणि स्टंप ठेवायची पेटी आमच्या ओसरीवर असे, एवढेच कारण. तिसऱ्या वर्षी ती पेटी दुसऱ्याच्या घरी गेली आणि कप्तानपदही पेटीबरोबर गेले. यावर हसणाऱ्यांना मी १९३६ ची आठवण करून देतो. विजयानगरमचे महाराजकुमार, ज्यांना सगळे ‘विझी’ म्हणत, इंग्लंडच्या दौऱ्यावर भारताचे कर्णधार होते आणि तीन कसोटींत मिळून त्यांच्या धावा ३३ होत्या. संघात सी. के. नायडू होते, मर्चंट होते, आणि अमरनाथांना तर पहिल्या कसोटीपूर्वीच घरी धाडण्यात आले. पेटी विझींच्या ओसरीवर होती, दुसरे काय! त्या मानाने १९३२ च्या दौऱ्याचे कर्णधार, पोरबंदरचे महाराज, शहाणे निघाले. त्यांनी स्वतःचा वकूब ओळखला, कसोटीत उतरले नाहीत, उपकर्णधार लिमडीचे राजकुमार जायबंदी होते, आणि म्हणून २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत संघ घेऊन नायडू मैदानात आले.

आता कोणी म्हणेल, की संघ चांगला असला तर कोणीही कर्णधार चालतो, एवढा काथ्याकूट कशाला. कसोटीत तसे नसते. वीस षटकांच्या सामन्यात कर्णधाराला बरेचसे निर्णय आधी कागदावर लिहून आणता येतात. पाच दिवसांच्या सामन्यात खेळपट्टी बदलते, हवा बदलते, चेंडू जुना होतो, माणसे थकतात, आणि कागद दुसऱ्या दिवशीच्या उपाहारापर्यंत निरुपयोगी होतो. याचे माझ्या आवडीचे उदाहरण फेब्रुवारी १९७१ मधले, किंग्स्टनच्या कसोटीचे आहे. पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारताची अवस्था पाच बाद ७५ होती, ती दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांनी आणि एकनाथ सोळकरांच्या साथीने ३८७ पर्यंत पोहोचली. वेस्ट इंडिज २१७ वर आटोपले; आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावण्यासाठी, दोनशेची आघाडी लागते, हे सगळ्यांना पाठ. पण पहिला पूर्ण दिवस वाया गेल्यास सामना चार दिवसांचा धरला जातो आणि मग दीडशेची आघाडी पुरते, हा नियम आपले कर्णधार अजित वाडेकर यांना ठाऊक होता. त्यांनी वेस्ट इंडिजचे कर्णधार गारफिल्ड सोबर्स यांच्याकडे जाऊन ‘तुम्ही पुन्हा फलंदाजीला या’ असे सांगितले. सामना अनिर्णित राहिला, पण ज्या संघाला भारताने कधी हरवले नव्हते त्याला पुन्हा पॅड बांधायला लावले, याचा परिणाम व्हायचा तो झाला. पुढचीच कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला भारताने सात गडी राखून जिंकली, आणि तेवढ्या एका विजयावर मालिकाही.

हे वाडेकर कर्णधार झाले ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने, आणि तेही मन्सूर अली खान पतौडी यांना बाजूला सारून. मुंबईचे नेतृत्व त्यांनी आधी केलेले होते, त्यामुळे नियमांचे पुस्तक त्यांनी जमैकात पहिल्यांदा उघडले असे नव्हते. त्याच वर्षी इंग्लंडमध्येही मालिका जिंकली. त्या दौऱ्याचे व्यवस्थापक कोण, तर १९५८-५९ मध्ये एका कसोटीपुरते कर्णधार झालेले आपले कर्नल हेमू अधिकारी. १९७२-७३ मध्ये मायदेशात पुन्हा इंग्लंडला हरवले. लागोपाठ तीन मालिका जिंकणारा हा माणूस १९७४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ०-३ हरला, लॉर्ड्सला संघ ४२ धावांत बाद झाला, आणि वाडेकरांची कारकीर्द तिथेच संपली. १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरला उभारलेली सिमेंटची मोठी बॅटसुद्धा लोकांनी विद्रूप करून टाकली. लोकांचे सोडा, लोक रागावतात आणि विसरतात. निवड करणाऱ्यांनी लोकांइतक्याच घाईने वागायचे का, हा खरा प्रश्न आहे. त्यानंतरच्या मोसमात दिल्लीच्या कसोटीत वेंकटराघवन कर्णधार होते आणि पुढच्या कलकत्त्याच्या कसोटीत बारावे खेळाडू. बारावे! पाणी घेऊन जाण्याइतकेच त्यांचे नेतृत्व मोलाचे होते तर आधी दिले कशाला?

याच्या उलट वागून काय मिळते, हेही आपल्याच इतिहासात आहे. पतौडी १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरले, त्यानंतर ऑस्ट्रेलियात आपण चारही हरलो. आजचे दिवस असते तर विमान मुंबईला उतरायच्या आत कर्णधार बदलला असता. तेव्हा, बहुधा बदलायला सवड नव्हती म्हणूनही असेल, पतौडी तसेच न्यूझीलंडला गेले आणि १९६८ च्या सुरुवातीला तिथे ३-१ अशी मालिका जिंकून आले. परदेशातला भारताचा पहिला कसोटी विजय आणि पहिला मालिका विजय त्याच दौऱ्यातला. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण याहून बोलके आहे. डिसेंबर १९८४ मध्ये अ‍ॅलन बॉर्डरकडे मोडकळीला आलेला संघ सोपवला गेला. तो १९८५ च्या अ‍ॅशेस हरला, १९८६-८७ च्याही हरला, आणि तरी त्याला कोणी हात लावला नाही. १९८९ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये ४-० असा विजय मिळवला, तोपर्यंत साडेचार वर्षे झाली होती. एकूण ९३ कसोटींत तो सलग कर्णधार राहिला. दक्षिण आफ्रिकेने २००३ मध्ये २२ वर्षांच्या, जेमतेम आठ कसोटी खेळलेल्या ग्रॅएम स्मिथला नेमले आणि तो दहा वर्षांहून अधिक काळ राहिला. कर्णधार म्हणून त्याच्या नावावर ५३ विजय आहेत, आणि आजवर कोणत्याही कर्णधाराला तेवढे मिळालेले नाहीत. आपल्याकडे सौरव गांगुली आणि विराट कोहली यांना असा वेळ मिळाला. कोहलीच्या ६८ कसोटींतल्या ४० विजयांमागे त्याचा स्वभाव होता, वेगवान गोलंदाज होते, आणि आपण उद्या इथे असू याची खात्रीही होती.

पूर्वीचे दिवस राजकारणाचे होते, आता सगळे व्यावसायिक झाले आहे, असे कोणी म्हटले तर मी त्यांना एक हिशेब दाखवतो. नोव्हेंबर २०२१ ते डिसेंबर २०२२ या काळात भारताने दहा कसोटी खेळल्या आणि त्यांत पाच कर्णधार झाले: रहाणे, कोहली, राहुल, रोहित शर्मा आणि बुमरा. १९५८-५९ च्या सहांपेक्षा एकच कमी. विश्रांती, पाठदुखी, राजीनामा, करोना, अंगठ्याची दुखापत अशी कारणे या वेळी वाजवी होती, कोणाचे कारस्थान नव्हते, हे मान्य. पण सामन्याला जाणाऱ्या गोलंदाजाला आपली क्षेत्ररचना पुढच्या महिन्यात कोण लावणार हे ठाऊक नसेल, तर कारण वाजवी असल्याने त्याला काय फरक पडतो? दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्या गेल्या तीन कर्णधारांनी पद सोडले ते कसे, पाहा. धोनी डिसेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चार कसोटींच्या मालिकेत तिसरी संपताच कसोटीतून निवृत्त झाला. कोहलीने जानेवारी २०२२ मध्ये केपटाऊनचा सामना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. रोहितने ७ मे २०२५ रोजी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा इंग्लंडच्या दौऱ्याला सहा आठवडे राहिले होते. तिघांच्याही हेतूंबद्दल मला शंका नाही. पण जाण्याची वेळ प्रत्येकाने स्वतः निवडली आणि निवड समिती दर वेळी मागाहून धावत आली, एवढे तरी यातून दिसते.

गिलचेच पाहू. २४ मे २०२५ रोजी त्याचे नाव जाहीर झाले आणि २० जूनला, योगायोगाने त्याच लीड्सला, त्याची पहिली कसोटी सुरू झाली. त्याने १४७ धावा केल्या आणि इंग्लंडने ३७१ धावांचा पाठलाग करून सामना जिंकला. पुढच्या कसोटीत, एजबॅस्टनला, त्याने २६९ आणि १६१ धावा काढल्या, ६०८ धावांचे लक्ष्य देऊन डाव घोषित केला आणि ३३६ धावांनी विजय मिळवला. डाव उशिरा घोषित केला अशी टीका तेव्हाही झाली, मलाही तसे वाटले होते, पण २५ वर्षांच्या मुलाने एक सामना हरल्यावर दुसऱ्यात पोटाशी थोडे जास्त धरून ठेवले तर त्यात नवल काय? मालिका २-२ अशी सुटली आणि त्याच्या धावा ७५४ झाल्या. म्हणजे हजाऱ्यांच्या दिल्ली-मुंबईसारखीच ही सुरुवात. त्यानंतर त्याच्याकडे एकदिवसीय संघही आला, आणि कोलकात्याला मान दुखावल्याने गुवाहाटीत तो खेळूच शकला नाही. त्या पराभवाचे खापर त्याच्या नेतृत्वावर फोडणाऱ्यांनी निदान तो मैदानात होता की नाही एवढे तरी पाहावे.

बुमराबद्दल माझे मन द्विधा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडकडून घरच्या मैदानांवर ०-३ असा मार खाऊन संघ पर्थला गेला आणि बुमराच्या नेतृत्वाखाली २९५ धावांनी जिंकला, हे विसरता येत नाही. वेगवान गोलंदाज चांगला कर्णधार होऊ शकत नाही, हा आपल्याकडचा समज पॅट कमिन्सने खोटा पाडला आहे. तरीही बुमराच्या पाठीचा विचार करून निवड समितीने त्याला केवळ गोलंदाज म्हणून जपायचे ठरवले, तसे उघडपणे सांगितले, आणि इंग्लंडमध्ये तो पाचपैकी तीनच कसोटी खेळला, त्यामुळे ते कारण खरे होते हेही दिसले. कारण सांगून घेतलेला निर्णय मला पटला नाही तरी मी तो मानतो. अजिंक्य रहाणेच्या वेळी मात्र असे काही सांगितले गेल्याचे आठवत नाही. २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ३६ धावांत संघ बाद झाल्यानंतर मेलबर्नला त्याने पहिल्याच तासात अश्विनला गोलंदाजीला आणले, स्टीव्ह स्मिथला लेग स्लिपमध्ये शून्यावर पकडले, स्वतः ११२ धावा केल्या आणि मालिका २-१ अशी जिंकून आणली. सहा कसोटींत चार विजय, दोन अनिर्णित, पराभव एकही नाही. आणि शेवटी तो कायम बदलीचा कर्णधारच राहिला.

माझी सूचना साधी आहे. आता दोन-दोन वर्षांची जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धा असते, सध्याचे चक्र २०२५ ते २०२७ असे आहे. कसोटी कर्णधाराची नेमणूक त्या चक्रापुरती करावी आणि ती तारखेसह जाहीर करावी. मध्ये एखादी मालिका गेली, दोन गेल्या, तरी त्याला हात लावू नये. चक्र संपल्यावर मात्र हिशेब मागावा आणि जमले नसेल तर निःसंकोच बदलावे. उपकर्णधारही त्याच मुदतीसाठी असावा, आणि त्याला नुसते नाव न देता काम द्यावे. भारत ‘अ’ संघाचा पूर्ण दौरा, दुलीप करंडक आणि वेळ मिळेल तेव्हा आपल्या राज्याचे रणजी सामने त्याने कर्णधार म्हणून खेळलेच पाहिजेत. जानेवारी २०२५ मध्ये रोहित, कोहली, गिल असे बरेच जण एकदम रणजीत उतरले तेव्हा मैदाने फुलली, पण एकेका सामन्यापुरते उतरून फॉलोऑनचे नियम आणि दमलेल्या तिसऱ्या गोलंदाजाकडून अजून पाच षटके काढून घेण्याची हातोटी येत नाही. मोतीबागेच्या मैदानावर चार दिवस शे-दोनशे प्रेक्षकांसमोर, निर्जीव खेळपट्टीवर, समोरची जोडी फुटत नसताना जो कर्णधार चहापानानंतर काहीतरी करून पाहतो, त्याने केलेली चूक कोणी दूरचित्रवाणीवर दहा वेळा दाखवत नाही. शिकायला तीच जागा चांगली.

आक्षेप येईल तो हा, की कर्णधाराच्या स्वतःच्या धावाच आटल्या तर काय करायचे. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीला रोहितने स्वतःला वगळले, तसे प्रत्येक जण वागेलच असे नाही. इंग्लंडचा माजी कर्णधार माईक ब्रिअर्लीचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते. ३९ कसोटींत एकही शतक नाही, सरासरी २२.८८, आणि कर्णधार म्हणून ३१ पैकी १८ विजय. पण ब्रिअर्लीला सांभाळून घेणारे फलंदाज आणि बोथमसारखा अष्टपैलू संघात होता. ती चैन सगळ्यांना परवडत नाही, हे मीही मानतो. म्हणून आधी अकरा खेळाडू निवडावेत आणि त्यांतला कर्णधार नेमावा, ही ऑस्ट्रेलियाची जुनी पद्धत मला योग्य वाटते. ज्याची संघातली जागाच डळमळीत आहे त्याला दोन वर्षांचा शब्द देऊ नये. ज्याची पक्की आहे त्याला दिल्यावर मात्र तो मोडू नये. गंभीर दुखापत किंवा गैरवर्तन हे अपवाद कोणत्याही नोकरीत असतात, तसे इथेही असावेत. आणि कर्णधाराला स्वतःला जायचे असेल तर त्याने मालिका संपताना, पुढच्या मालिकेच्या पुरेसे आधी, तसे कळवावे, एवढे बंधन त्याच्यावरही हवे.

२४ मे २०२५ च्या पत्रकार परिषदेत निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी एक-दोन दौऱ्यांपुरते कर्णधार निवडायचे नसतात, अशा अर्थाचे सांगितले होते. ते ऐकून मला बरे वाटले होते. त्याच वेळी ‘जून २०२७ पर्यंत’ एवढे तीन शब्द त्यांनी जोडले असते तर गुवाहाटीनंतरचा बराचसा गोंगाट झालाच नसता. ते शब्द अजूनही जाहीर करता येतील. पुढच्या संघनिवडीच्या पत्रकात एक ओळ पुरे.

आपला नम्र,
एक जुना वाचक,
दांडिया बाजार, बडोदे (वडोदरा)